मदत हवी आहे : धडकेत इंजिनला आतून मार बसलाय, विमा कंपनीला पटवायचं कसं?

नमस्कार मंडळी. तीन आठवड्यांपूर्वी खंबाटकी घाटाच्या अलीकडे आमच्या गाडीची पुढच्या टेम्पोला धडक बसली. माणसं सुखरूप, देवाची कृपा. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने (नुकसान तपासणाऱ्याने) बंपर, बॉनेट, रेडिएटर मंजूर केलं, गाडी दुरुस्त होऊन घरी आली.

चौथ्याच दिवशी टेम्परेचरचा काटा वर. खाली एक थेंब गळती नाही, तरी कूलंट कमी होतंय. काल डिपस्टिक ओढली तर ऑइल दुधाळ चहासारखं! मेकॅनिक म्हणतो, हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं, कूलंट ऑइलमध्ये मिसळू न देणारं सील) गेलंय, हेड म्हणजे तो वरचा भागही वाकला असणार. कंपनीचं म्हणणं, हे जुनंच दुखणं किंवा धडकेनंतर गाडी चालवल्यामुळे झालेलं, त्यामुळे क्लेममध्ये बसत नाही.

पण गाडी जागेवरून टोइंगनेच नेली होती. पावती आहे, किलोमीटरचा आकडा दिसणारा फोटो आहे, आधीच्या सर्व्हिसिंगची बिलंही आहेत. इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन (इंजिनच्या नुकसानीसाठीचं जादा विमा संरक्षण) मात्र घेतलेलं नाही.

इंजिन अजून खोलू दिलेलं नाही. सर्व्हेअरसमोरच खोलावं, असं मला ठामपणे वाटतं; नाहीतर पुरावाच हातातून जाईल. पुन्हा तपासणीसाठी ईमेल केलाय, उत्तर नाही. स्वतंत्र परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल कोणी घेतलाय का? हेडची सपाटी मोजलेला मशिनशॉपचा रिपोर्ट आणि स्कॅनरमधले एरर कोड ग्राह्य धरतात का? लेखी तक्रारीनंतर महिनाभर थांबून पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्यांकडे) जायची तयारी आहे. तिथे कोणाचा इंजिनचा क्लेम मिळाला असेल, तर कोणते कागद कामी आले, कृपया सांगा.