मदत हवी आहे: पर्ड्यूची शिष्यवृत्ती आणि ऑनर्स, की इलिनॉयमधली निश्चित शाखा?

नमस्कार. आमची मुलगी यंदा बारावी पूर्ण करत आहे आणि तिला एरोस्पेस इंजिनीअरिंग करायचे आहे. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. तिच्यासमोर आता दोनच विद्यापीठे उरली आहेत, दोन्ही मोठी, दोन्ही सरकारी आणि घरापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर: शेजारच्या इंडियानातले पर्ड्यू आणि आमच्याच राज्यातले अर्बाना-शँपेनचे इलिनॉय विद्यापीठ. १ मेपर्यंत एका ठिकाणी होकार कळवायचा आहे. गेले तीन आठवडे आम्ही तिघे रोज रात्री जेवणानंतर हाच विषय काढतो आणि रोज त्याच जागी येऊन अडतो, म्हणून ज्यांची मुले या दोन्हींपैकी कुठे शिकली आहेत, किंवा जे स्वतः तिथे शिकले आहेत, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

इलिनॉयने तिला ग्रेंजर कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगमध्ये थेट एरोस्पेस शाखेत घेतले आहे. सोबत जेम्स स्कॉलर या ऑनर्स कार्यक्रमाचे (म्हणजे निवडक विद्यार्थ्यांसाठीच्या जादा अभ्यासाचे) निमंत्रण आहे, शिष्यवृत्ती मात्र काहीच नाही. पर्ड्यूने ऑनर्स कॉलेजात प्रवेश आणि वर्षाला १०,००० डॉलरची शिष्यवृत्ती दिली आहे, पण शाखा दिलेली नाही. तिथे इंजिनीअरिंगचे सगळे विद्यार्थी पहिले वर्ष एकत्र काढतात आणि शाखेचा प्रवेश त्यानंतर होतो.

पैशांचा हिशेब मांडला तेव्हा आम्हालाच आश्चर्य वाटले. पर्ड्यूने २०१३ नंतर अनेक वर्षे फी वाढवली नाही, त्यामुळे परराज्यातल्या विद्यार्थ्याला तिथे वर्षाला २८,७९४ डॉलर आणि वर इंजिनीअरिंगची वेगळी दोनेक हजारांची फी पडते. त्यातून शिष्यवृत्ती वजा केली की आकडा एकवीस हजारांच्या आत येतो. इलिनॉयमध्ये आम्ही राज्याचे रहिवासी असलो तरी इंजिनीअरिंगची फी इतर विषयांपेक्षा जास्त आहे आणि तीही वीस हजारांच्या पुढेच जाते. राज्याच्या कायद्यामुळे तिथली शिक्षण फी चार वर्षे तीच राहते, हा एक दिलासा आहे. थोडक्यात, शिष्यवृत्ती शेवटपर्यंत टिकली तर दोन्हीकडचा खर्च सारखा. पहिल्या वर्षानंतर ती गेली तर उरलेल्या तीन वर्षांत तीस हजारांचा फरक, आणि तो फरक आम्हाला कर्ज काढूनच भरावा लागेल.

माझी खरी काळजी इथेच आहे. पर्ड्यूत शाखा, शिष्यवृत्ती आणि ऑनर्स या तिन्ही गोष्टी पहिल्या वर्षाच्या जीपीएच्या (४ पैकी मिळणाऱ्या गुणांच्या सरासरीच्या) एकाच खुंटीला टांगलेल्या आहेत. हव्या त्या शाखेसाठी ३.२ हा आकडा आम्ही सगळीकडे ऐकतो, आणि तो नुसत्या एकूण जीपीएचा नसून कॅल्क्युलस, केमिस्ट्री, फिजिक्स अशा ठराविक विषयांच्या वेगळ्या सरासरीलाही लागू होतो. ऑनर्ससह पदवी घ्यायची तर ३.५ हवा, शिवाय ऑनर्सची २४ क्रेडिट्स आणि स्वतःचा एक संशोधन प्रकल्प पूर्ण करावा लागतो. मुलगी अभ्यासू आहे, पण पहिल्या सेमिस्टरला घर सोडून गेलेले मूल एखाद्या केमिस्ट्रीच्या परीक्षेत अडखळू शकते आणि त्या एका अडखळण्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागेल, हे मला पटवून घेता येत नाही. मी स्वतः सांगलीला इंजिनीअरिंग केले. तेव्हा शाखा प्रवेशाच्या वेळीच हातात पडायची, बारावीच्या टक्क्यांवर एकदा काय ते ठरायचे आणि पुढची चार वर्षे निदान ती चिंता नसायची. तिच्या बाबांचे मत उलट आहे. सतरा वर्षांच्या मुलीने एक वर्ष सगळ्या शाखा जवळून पाहून मग ठरवावे, यातच शहाणपण आहे असे ते म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही.

याला जोडूनच एक पेच आहे. तिला एपी कॅल्क्युलस बीसीत (शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षेत) ५ पैकी ५ गुण मिळाले आहेत, म्हणजे पहिले दोन कॅल्क्युलस सोडून ती थेट तिसऱ्याला बसू शकते. मात्र एपीचे क्रेडिट मिळते, ग्रेड मिळत नाही. जे विषय तिला सोपे गेले असते त्यांचे ‘ए’ जीपीएत येणारच नाहीत आणि सुरुवातच अवघड विषयाने होईल. मुद्दाम पहिल्या कॅल्क्युलसला बसवावे, तर मिळालेले क्रेडिट वाया जाते.

मार्चमध्ये आम्ही दोन्ही कॅम्पस पाहून आलो. वेस्ट लाफायेट शिकागोच्या घड्याळापेक्षा एक तास पुढे आहे, हे लक्षात न राहिल्याने आम्ही माहितीसत्राला उशिरा पोचलो. नील आर्मस्ट्राँग यांनी १९५५ मध्ये इथूनच पदवी घेतली. त्यांच्या नावाच्या इंजिनीअरिंग इमारतीसमोर त्यांचा विद्यार्थिदशेतला पुतळा आहे आणि जवळच जमिनीवर चांद्रबुटांचे ठसे उमटवलेले आहेत. मुलगी एकेका ठशावर पाय ठेवत शेवटपर्यंत चालत गेली आणि परत येऊन काहीच बोलली नाही. अर्बानाला ती एरोस्पेस विभागाच्या टॅलबट लॅबोरेटरीत दोन विद्यार्थ्यांशी तासभर बोलत राहिली, पुष्कळ प्रश्न विचारले, वहीत लिहून घेतले. यातला कोणता संकेत खरा मानायचा, हे आई म्हणून मला कळलेले नाही.

ऑनर्सबद्दलही थोडे स्पष्ट लिहावे ही विनंती. जेम्स स्कॉलरमध्ये नेहमीच्याच विषयात प्राध्यापकांशी करार करून जादा काम करायचे असते आणि विषयांची नोंदणी इतरांच्या आधी करता येते. पर्ड्यूचे ऑनर्स कॉलेज त्यापेक्षा बरेच मोठे प्रकरण आहे: वेगळे चर्चावर्ग, शेवटचा प्रकल्प आणि २०१६ मध्ये सुरू झालेले स्वतंत्र वसतिगृह. पन्नास हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात मुलीला लहानसा ओळखीचा गट मिळेल, हे मला फार मोलाचे वाटते. पण इंजिनीअरिंगचा मूळ भार सांभाळून हे शेवटपर्यंत नेणारी मुले किती, आणि मध्येच सोडणारी किती? सोडले तर वसतिगृहातली जागा आणि तो गटही सुटतो का? इंटर्नशिपच्या मुलाखतीत ऑनर्सला कोणी विचारते का, की तिथे रॉकेट क्लबमध्ये केलेले काम जास्त बोलते?

दुसऱ्या दिवशीची भर: इतक्या तत्परतेने आणि आपुलकीने उत्तरे दिल्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. एका ताईंनी विचारले की एरोस्पेस मिळाले नाही आणि मेकॅनिकल मिळाले, तर मुलीला चालेल का. हा प्रश्न आम्ही तिला इतक्या सरळपणे कधी विचारलाच नव्हता. काल रात्री विचारला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मेकॅनिकल चालेल गं आई. पण मला ते निवडायचंय, वाट्याला आलं म्हणून घ्यायचं नाहीये.” तिचे हे वाक्य मी तिच्या बाबांनाही जसेच्या तसे सांगितले. त्यामुळे शाखेची माझी भीती निम्मी झाली आहे, शिष्यवृत्तीची मात्र तशीच आहे.

म्हणून आता एवढेच विचारते. ज्यांच्या मुलांची शिष्यवृत्ती एका वाईट सेमिस्टरमुळे धोक्यात आली होती, त्यांना सावरायला पुढचे सेमिस्टर मिळाले का, की ती लगेच थांबली? आणि अशी मुदत मिळावी म्हणून होकार कळवण्यापूर्वीच शिष्यवृत्ती कार्यालयाकडून लेखी काही मागून घेता येते का? पत्रातली अट आम्ही चारदा वाचली आहे, तिच्यात याविषयी एक शब्दही नाही. सोमवारी सकाळी मी तिथे फोन करणार आहे. त्याआधी कोणाचा अनुभव कळला तर नेमके काय विचारायचे ते ठरवता येईल.