सिंगापूरचा दमट उकाडा : बेळगावहून जाताना काय न्यावं?

टिळकवाडीकर : धाकटा भाऊ सिंगापूरला शिकायला चाललाय. त्याला आपल्या हवेची सवय. तिथं बारा महिने दुपारी ३१-३२ अंश. कपडे कसले द्यावेत?

खानापूरकर : ताई, खरा त्रास दमटपणाचा. घाम वाळतच नाही, मग अंग थंड कसं होणार? जीन्स एकच द्या. खोलीत लवकर वाळत नाही, कुबट वास धरते. कपडे पंख्यासमोर वाळत घालायचे, दोन कपड्यांत चार बोटं अंतर सोडून. एसी 'ड्राय'वर (हवेतली ओल काढणारा मोड), २५-२६ला. चामडी चप्पल बंद कपाटात ठेवली की बुरशी आलीच.

निपाणीकर : फार घाम गेला तर लिटरभर पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा बरं का! जांघेत खाज सुटली तर स्टेरॉइडवालं मलम नको, गजकर्ण असेल तर उलट पसरतं.