निकाल लागलेल्या दाव्याची नक्कल मागितली की "तुमचा संबंध काय" हे विचारायचा कोर्टाला हक्क असावा का?

गटनंबर_११२:
जमीन घेताना आपल्याकडे सगळे काय करतात, तर सातबारा काढतात, फेरफार बघतात, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतात आणि निर्धास्त होतात. पण तो सर्च असतो सब-रजिस्ट्रारकडच्या इंडेक्स टू चा, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूचीचा. त्यात खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र सगळं सापडेल, कोर्टाचा हुकूमनामा (डिक्री) मात्र सापडेलच असं नाही, कारण नोंदणी कायद्याच्या कलम १७ मध्येच कोर्टाच्या हुकूमनाम्याला बहुतेक वेळा नोंदणीतून सूट दिलीय. म्हणजे वाटपाच्या दाव्यात बहिणीला हिस्सा मिळाल्याचा निकाल होतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली कागद कलेक्टरकडे जातात, तिथून तहसील, तिथून मोजणी असं करत वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि सातबाऱ्यावर अजून भावांचीच नावं. घेणारा फसतो, बहीणही फसते.

माझं म्हणणं सरळ आहे. निकाल लागलेल्या दिवाणी दाव्याचं निकालपत्र आणि हुकूमनामा फी भरणाऱ्या कुणालाही कारण न विचारता मिळाला पाहिजे. रजिस्टर ऑफिसात बुक एक, म्हणजे स्थावर मिळकतीच्या दस्तांचं रजिस्टर, त्यातल्या खरेदीखताची नक्कल कुणीही मागू शकतो, नोंदणी कायद्याचं कलम ५७ वाचा, तिथे कुणी संबंध विचारत नाही. मग त्याच जमिनीवर, उघड्या कोर्टात झालेल्या निकालासाठी अर्जात कारण लिहा, साहेबांची सही होईपर्यंत थांबा, हे कशासाठी?

तालुका_वकील:
कलम ५७ अर्धंच सांगितलंत. बुक एक सगळ्यांना खुलं आहे हे बरोबर, पण त्याच कलमात बुक तीन म्हणजे मृत्युपत्रं, त्यांच्या नकला करणारा जिवंत असेपर्यंत फक्त त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला मिळतात, आणि बुक चार म्हणजे इतर किरकोळ दस्त, त्यांच्या फक्त संबंधितांना. म्हणजे १९०८ च्या कायद्यातच भेद केलेला आहे की व्यवहाराचा कागद वेगळा आणि घरातला कागद वेगळा. आता तुम्हीच सांगा, वाटपाच्या दाव्याचं निकालपत्र यातल्या कशात बसतं? मी रोज वाचतो ती निकालपत्रं. कोण कुणाची लग्नाची बायको, कुणाचा मुलगा खरा, कोणत्या भावाला वेडाचे झटके येत होते, कुणाला दारूपायी घराबाहेर काढलं, साक्षीपुराव्यातलं सगळं त्यात उतरतं.

आणि कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मुख्य माहिती आयुक्त विरुद्ध गुजरात हायकोर्ट, मार्च २०२०, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोर्टाच्या कागदांच्या नकला माहिती अधिकारात नाही तर कोर्टाच्याच नियमांनी घ्यायच्या, आणि त्रयस्थाने प्रतिज्ञापत्रावर कारण द्यायचा गुजरातचा नियम माहिती अधिकाराशी विसंगत नाही. कुणाला नाकारलं नाहीये, फक्त का हवंय ते लिहा म्हटलंय.

गटनंबर_११२:
२०२० चा निकाल आजचा कायदा काय ते सांगतो, मी काय असावं ते बोलतोय. १९६६ च्या मिरजकर खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलंच ना की खटला साधारणपणे उघड्या कोर्टातच चालला पाहिजे. त्या दिवशी मागच्या बाकावर बसून कुणीही सगळं ऐकू शकत होतं. मग तेच दहा वर्षांनी कागदावर वाचायला कारण लागतं, हे मला पटत नाही.

मोठी_बहीण:
मागच्या बाकावर बसून ऐकणारे चार जण आणि घरबसल्या वाचणारं अख्खं गाव यात फरक आहे हो. मी भावांवर हिश्श्याचा दावा लावलाय, अजून चालू आहे. निशाणी ५ वरचा, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरचा आदेश झाला आणि थोड्याच दिवसांत एक एजंट त्याचा प्रिंट घेऊन दारात उभा, वेबसाइटवरून काढलेला, माझ्या नावाखाली पेनाने रेघ मारलेली, म्हणे ताई कशाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवता, तुमचा हिस्सा आहे तसा आम्हाला लिहून द्या. आकडा सांगितला तो बाजारभावाच्या जवळपासही नव्हता. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने आणि सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या विनिता शर्मा निकालाने मुलींचा जन्मतः हक्क पक्का केला, पण दावा लावलेल्या बाईवर माहेरून आधीच दबाव असतो, त्यात असे लोक तिची फाइल चाळणार असतील तर ती दावा लावायलाच घाबरेल. साक्षीत मी आईच्या आजारपणाबद्दल जे बोलले ते न्यायाधीशांना सांगितलं होतं.

गटनंबर_११२:
ताई, जे झालं ते वाईटच झालं. पण बघा, त्या एजंटला तुमचा आदेश मिळालाच ना. ज्यांचा धंदाच तो आहे त्यांना नकलेसाठी कारण लिहून द्यायला काहीच वाटत नाही, त्यांची कोर्टात रोजची उठबस असते. कारणाच्या अटीमुळे अडतो तो आयुष्यात एकदाच जमीन घेणारा माणूस.

निवृत्त_शिरस्तेदार:
नोकरीची बरीच वर्षं नक्कल विभाग आणि रेकॉर्ड रूममध्ये गेली म्हणून लिहितो. तुम्ही सगळे कारणावर भांडताय पण माणूस परत जातो तो कारणामुळे नाही, नंबर नसतो म्हणून. अर्जात रे.मु.नं. म्हणजे दाव्याचा नंबर आणि साल, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख, कोणता कागद हवा हे लागतं. लोक येऊन सांगतात, आजोबांचा दावा होता, साधारण सत्तरच्या सुमारास. आता रॅकवर लाल फडक्यात बांधलेली बासनं छतापर्यंत, बाहेर लोंबणाऱ्या पुठ्ठ्यावर साल आणि नंबर, शाई उडालेली, एक बासन सोडलं की धूळ आणि कसरीने कागदाच्या कडा कुरतडलेल्या. नंबराशिवाय काय शोधणार?

नंबर कसा काढायचा ते सांगतो. आधी तलाठ्याकडे जुने फेरफार बघा, गाव नमुना ६, हुकूमनाम्याची नोंद झाली असेल तर त्यात कोर्ट, दावा नंबर, तारीख बहुतेक असतेच. नाहीतर कोर्टातलं दाव्यांचं रजिस्टर सालवार बघायला परवानगी मागा. फाइल तालुक्याला नसेल तर जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूमला विचारा, आणि अपील झालं असेल तर आर अँड पी म्हणजे दाव्याचं मूळ रेकॉर्ड वरच्या कोर्टात गेलेलं असतं, तिथेच अडकलेलं सापडतं. शिवाय सगळं कायम ठेवत नाहीत, फाइलचे अ ब क ड असे भाग पाडतात आणि काही भाग मुदत संपली की नष्ट करतात, म्हणून लवकर अर्ज करा. कारणाचं म्हणाल तर ते विचारावं या मताचा मी आहे. मूळ कागद एकच असतो, तो कुणाकुणाच्या हातून गेला याची नोंद राहिली पाहिजे.

गटनंबर_११२:
नोंद ठेवा ना, नाव पत्ता ओळखपत्र सगळं घ्या, माझी हरकत नाही. अर्जदार कोण हे लिहून ठेवणं वेगळं आणि त्याचं कारण पुरेसं आहे का हे ठरवणं वेगळं.

बालाघाट:
आमच्या मराठवाड्यात अजून एक अडचण. १९४८ च्या आधीचा निकाल म्हणजे निजामाच्या कोर्टाचा, उर्दूत. नक्कल हातात आली तरी वाचणार कोण, उर्दू वाचणारे पुष्कळ आहेत पण ती जुनी शिकस्ता म्हणजे घाईची मोडकी लिखावट आणि कोर्टाची फारसी मिसळलेली भाषा उलगडणारे आता म्हातारे झालेत. हे आधी स्कॅन करून भाषांतर करून ठेवा, मग खुलं की बंद यावर बोलू.

मांडवीकाठ:
गोव्यात माणूस गेल्यावर वारसांची वाटणी दिवाणी कोर्टात इन्व्हेंटरी करून होते, सगळे वारस, त्यांचे नवरा-बायको, सगळ्या मिळकती एका फाइलीत. तो आदेश म्हणजेच मालकीचा कागद, घर घेणारा बँकेत गेला की बँक तोच मागते. आमच्याकडे ही फाइल घरगुती म्हणून बंद ठेवली तर व्यवहारच होणार नाहीत. म्हणून माझं मत ११२ यांच्या बाजूने.

तालुका_वकील:
गोव्यात विकणारा स्वतःच तो आदेश आणून देतो, घेणाऱ्याला चोरून शोधावा लागत नाही. इथेही तेच करा, विकणाऱ्याकडून दावा नसल्याचं प्रतिज्ञापत्र घ्या.

गटनंबर_११२:
खोटं प्रतिज्ञापत्र देणारा माणूस विकून मोकळा होतो हो. ईकोर्ट्स या कोर्टाच्या वेबसाइटवर बघायला गेलं तर पक्षकाराचं नाव आणि साल टाकावं लागतं, दाव्याचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर नंबर तर घेणाऱ्याला कुठून माहीत असणार. दावा आजोबांच्या नावावर, स्पेलिंग इंग्रजीत कसंही, दरवर्षीसाठी पुन्हा कॅप्चा. गटनंबर टाकून शोध घेता आला असता तर मी हा धागा काढलाच नसता.

तालुका_वकील:
गटनंबरने शोध, हे मला मान्य. दावा आहे की नाही, कोर्ट कोणतं, निकाल काय, एवढं खुलं करा. हुकूमनामासुद्धा खुला करा, त्यात हिस्से आणि मिळकत एवढंच असतं. निकालपत्र आणि साक्षी नाही.

गटनंबर_११२:
निकालपत्राशिवाय अपिलात ते टिकेल का हे घेणाऱ्याला कसं कळणार? जिल्हा कोर्टात अपिलाची मुदत तीस दिवस असली तरी विलंब माफीचे अर्ज वर्षांनंतरही येतात हे तुम्हाला माहीत आहे. हुकूमनामा खुला म्हणालात ते घेतो, पण निकालपत्राची मागणी मी सोडत नाही.

मोठी_बहीण:
मला एक विचारायचंय. कोर्टात दावा आहे हे सातबाऱ्याच्या इतर हक्कात आपोआप का चढत नाही? ते चढलं तर घेणाऱ्याला सगळं तिथेच कळेल आणि माझी साक्ष कुणाला वाचायची गरज पडणार नाही.

तालुका_वकील:
आपोआप होत नाही ताई, पण तुम्ही स्वतः करू शकता. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ ला आपल्या राज्यात १९३९ ची दुरुस्ती आहे, त्याप्रमाणे लिस पेंडन्सची, म्हणजे दावा चालू असल्याची नोटीस सब-रजिस्ट्रारकडे नोंदवता येते आणि ती सर्चमध्ये दिसते. वकिलाला सांगून लगेच करून घ्या. नोटिशीत मालकाचं नाव पत्ता, मिळकतीचं वर्णन, कोर्ट, दाव्याचं स्वरूप आणि शीर्षक, दावा दाखल केल्याची तारीख लागेल. गटनंबर आणि चतुःसीमा दाव्यातल्याशी अक्षरशः जुळल्या पाहिजेत, आणि नोंदलेल्या नोटिशीची प्रत तलाठ्याला अर्जासोबत देऊन पोच घ्या.