मुंबई–लंडन विमानप्रवास : अंतर एकच, मग जाताना आणि येताना वेळ वेगळी का?

प्रश्न (मुलुंडकर):
जानेवारीत आई-बाबांना लंडनला बहिणीकडे पाठवायचे आहे. तिकिटावर मुंबईहून सुटण्याची वेळ दुपारी 1.15 आणि पोहोचण्याची सायंकाळी 6.00 आहे, परतीचे विमान रात्री 9.30 ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी 12.00 ला मुंबईत उतरते. अंतर सुमारे 7,200 किमी आणि विमानाचा वेग ताशी 900 किमी धरला, तर दोन्ही वेळा आठच तास यायला हवेत. बाबांना दर आठ तासांनी गोळी घ्यावी लागते, म्हणून प्रवासाचे खरे तास किती हे मला नेमके कळायला हवे आहे.

उत्तर १ (दिनमान):
आधी घड्याळाचा हिशेब करू. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते (मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचार). तेथे सायंकाळचे 6.00 वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे 11.30 झालेले असतात, म्हणजे जाताना 10 तास 15 मिनिटे लागतात. लंडनचे रात्रीचे 9.30 म्हणजे आपले पहाटेचे 3.00, त्यामुळे येताना 9 तास.

उत्तर २ (पृथ्वीगोल):
उरलेला सव्वा तासाचा फरक वाऱ्यामुळे पडतो. हिवाळ्यात उत्तर भारत आणि इराणवरून, सुमारे 12 किमी उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहत असतो. विमानाचा 900 चा वेग हा भोवतालच्या हवेच्या तुलनेतला असतो. वाटेत सरासरी ताशी 70 किमी वारा समोरून आला, तर जमिनीवरचा वेग 830 उरतो आणि 7,200 किमीला 8 तास 40 मिनिटे लागतात. तोच वारा पाठीशी असला, तर वेग 970 होऊन 7 तास 25 मिनिटे पुरतात.

या दोन्हींत साधारण दीड तास मिळवला की तुमच्या तिकिटावरचे आकडे जुळतात. त्यातला काही वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि उतरल्यावर फाटकाशी लागण्यात जातो, कारण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मोजतात. बाकीचा वेळ वळशाचा. घरी 30 सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल असेल, तर दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. तो सुमारे 17 सेंमी भरेल आणि कराची, इराण, काळा समुद्र, युक्रेन, जर्मनी असा जाईल. आपले 7,200 किमी म्हणजे हा दोरा. प्रत्यक्षात युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांसाठी फेब्रुवारी 2022 मध्ये बंद झाले आणि पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये आपले आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद केले. त्यामुळे आपल्या कंपन्यांची विमाने अरबी समुद्रावरून आखाताकडे वळून जातात. म्हणूनच, संकेतस्थळावरच्या अंतराला वेगाने भागून औषधाच्या वेळा ठरवू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

उत्तर ३ (दिनमान):
गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा. सामानात दिल्या तर विमानात मिळणार नाहीत. वेळांबद्दल डॉक्टरांशीही एकदा बोलून घ्या.

मुलुंडकर:
दोघांचेही मनापासून आभार. सकाळी 11.00 ला घरी गोळी घेतली, की पुढची संध्याकाळी 7.00 ला विमानात आणि त्यानंतरची पहाटे 3.00 ला, म्हणजे लंडनच्या रात्री 9.30 ला, बहिणीच्या घरी. तोपर्यंत बाबांचे मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच राहू देतो. डॉक्टरांना हा कागद उद्या दाखवतो.