‘सीक्रेट इन्व्हेजन’ने हिरमोड केला, आता खरा संशयाचा खेळ कुठे वाचू?

अर्धेपान

(सगळ्या धाग्यात रहस्यं फुटणार आहेत. वाचायचं बाकी असेल त्यांनी इथूनच मागे फिरा.)

मार्व्हलचं २००८ सालचं ‘सीक्रेट इन्व्हेजन’ हे कॉमिक वाचून संपवलं. लेखक ब्रायन मायकल बेंडिस, चित्रकार लेनिल फ्रान्सिस यू, मुख्य मालिका ८ अंकांची. कल्पना अशी की वाचायच्या आधीच हात शिवशिवावेत. स्क्रल हे रूप पालटणारे परग्रहवासी केव्हापासून आपल्यात तोतये पेरून बसलेत आणि ते कुणालाच ओळखू येत नाहीत. टेलिपथीला नाही, जादूला नाही, वुल्व्हरिनच्या नाकालाही नाही. जाहिरातीतला सवालही तोच होता: विश्वास कुणावर ठेवाल?

पहिला अंक झकास आहे, त्यात वादच नाही. सॅव्हेज लँड नावाच्या जंगलात स्क्रलांचं यान कोसळतं, दार उघडतं आणि आतून जुन्या काळच्या पोशाखातले सुपरहिरो बाहेर येतात. समोर आजचे उभे. यातले खरे कोण? तिकडे फँटॅस्टिक फोर या टीमच्या रीड रिचर्ड्सला, म्हणजे अंग ताणू शकणाऱ्या शास्त्रज्ञाला, मेलेल्या स्क्रलचं शरीर तपासताना हे लोक दडून कसे राहतात ते उमगतं, तो तोंड उघडणार एवढ्यात शेजारचा सहकारी हँक पिम त्याच्यावर बंदूक चालवतो आणि रीडचं शरीर ताणून, पिळवटून पानभर सांडतं. मी म्हटलं, चला, आता मजा आहे.

पुढे काय? मारामारी. एक घोळका जंगलात, दुसरा न्यूयॉर्कमध्ये. ५व्या अंकात स्क्रलांच्या तावडीतून सुटलेला रीड एक यंत्र घेऊन येतो, कळ दाबतो आणि यानातून आलेले झाडून सगळे तोतये क्षणात हिरवे पडतात. जे कोडं म्हणून पैसे घेतले ते असं निकालात! त्यानंतर सेंट्रल पार्कात दोन्ही बाजू एकमेकांवर धावून जातात ते शेवटपर्यंत. शेजारचा माणूस तोच आहे का, ही भीती मधल्यामध्ये कुठे गळून पडली कळलंच नाही.

तर जाणकारांनो, सुचवा. रूप बदलणारे घुसखोर हवेत, पण हाणामारीपेक्षा संशय जास्त हवा. मार्व्हलच असलं पाहिजे असं काही नाही. पन्नास अंकांचा पसारा मात्र नको.

चित्रकथी

जखमेवर बोट ठेवलंत. माझ्या मते ही मालिका कुठे फसली ते एकाच प्रसंगात दिसतं. तिसरा अंक काढा. टोनी स्टार्कच्या (आयर्न मॅन) चिलखतात स्क्रलांनी विषाणू सोडलाय, तो तापाने फणफणलेला एका कोपऱ्यात पडलाय. स्पायडर-वुमन त्याच्याजवळ येते, ओणवी होते आणि त्याला हळूच सांगते की तू आमचाच आहेस, तुझं काम चोख झालं. ती स्वतः स्क्रल राणी व्हेरँके. पण टोनीला स्वतःचाच भरवसा वाटेना, आणि वाचकालाही वाटेना. त्याचे तेव्हाचे निर्णय आठवून पाहा, खरंच स्क्रल असेल असं वाटावं असेच होते! याच धाग्यावर तीन-चार अंक सहज निघाले असते. बेंडिसने तो धागा थोडा ओढला आणि सोडून दिला.

दुसरं म्हणजे मॉकिंगबर्ड. यानातून क्लिंट बार्टनची (हॉकआय) मेलेली बायको, म्हणजे हीच, उतरते. तो तिला फक्त त्या दोघांनाच ठाऊक असलेली, त्यांच्या न जन्मलेल्या बाळाबद्दलची गोष्ट विचारतो. ती बरोबर उत्तर देते. म्हणजे खरीच! नंतर रीडचं यंत्र चालतं तेव्हा कळतं की तीही तोतयाच. इथे काळजाला हात घालायची सोय होती, पण क्लिंट दोन पानं संतापतो आणि गर्दीत मिसळून जातो.

आता सल्ला. मुख्य मालिका घडते थोड्याच वेळात, म्हणून तिला मागे वळून बघायला फुरसतच नाही. कोण कसा बदलला गेला हे सगळं बेंडिसने ‘न्यू ॲव्हेंजर्स’ आणि ‘मायटी ॲव्हेंजर्स’च्या त्या काळातल्या अंकांत टाकलंय. ‘न्यू ॲव्हेंजर्स’चे ४० आणि ४२ घ्या. व्हेरँके राणी कशी झाली आणि जेसिका ड्रू (म्हणजे स्पायडर-वुमन) होऊन ॲव्हेंजर्समध्ये कशी शिरली, ते त्यात आहे. चित्रं जिम चंगची. मग ४४. त्यात स्क्रल लोक रीडची हुबेहूब प्रत तयार करतात, तिला स्वतःला आपण रीडच आहोत असं वाटत असतं, आणि तिच्याच डोक्यातून न ओळखू येण्याची युक्ती काढून घेतात. माझ्यासाठी अख्ख्या इव्हेंटचं (अनेक मालिकांत पसरलेल्या या मोठ्या कथेचं) मर्म या एका अंकात आहे, आणि मुख्य मालिकेत त्याचा मागमूस नाही.

खविस_नं_१

मी विरोधी पक्षात. अहो, आठ अंकांचा उन्हाळी इव्हेंट आहे, त्यात बंद खोलीतलं नाटक कशाला शोधता? यूची गर्दीची पानं बघा, एकेका चौकटीत दहा-दहा स्क्रल आणि प्रत्येकाच्या अंगावर वेगवेगळ्या हिरोंच्या शक्तींची खिचडी. आणि शेवट? राणीला गोळी घालतो तो नॉर्मन ऑस्बोर्न, म्हणजे स्पायडर-मॅनचा जुना शत्रू, तोही जगाच्या डोळ्यांदेखत, आणि सगळी सत्ता अलगद त्याच्या खिशात जाते. त्यातून ‘डार्क रेन’ निघालं, पुढचं वर्ष मार्व्हलने त्याच्यावर काढलं. इतकी कडू सांगता असलेले इव्हेंट किती आहेत?

अर्धेपान

@खविस, शेवटची दोन पानं जबरदस्त, मान्य. पण ती पुढच्या गोष्टीची पहिली पानं आहेत. या गोष्टीचा शेवट कुठाय? ॲव्हेंजर्समधल्या वास्पला स्क्रलांनी बॉम्ब करून टाकलं, ती मेली, आणि तिच्यासाठी थांबायलाही कुणाला वेळ नाही.

जाईजुई

मला वाटतं तुम्हाला जे हवंय ते याच इव्हेंटच्या एका टाय-इनमध्ये, म्हणजे त्याला जोडून निघालेल्या दुसऱ्या मालिकेत, पडलंय. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’, २००८ची मालिका, अंक ४ ते ६. लेखक डॅन ॲबनेट आणि अँडी लॅनिंग. फक्त तीन अंक!

जागा नोव्हेअर. एका सेलेस्टियलच्या, म्हणजे महाकाय अवकाशदेवाच्या, तुटलेल्या मुंडक्यात वसवलेला अवकाशतळ. तिथला सुरक्षाप्रमुख कॉस्मो, म्हणजे अवकाशात गेलेला रशियन कुत्रा, मन वाचणारा. तळावर स्क्रल शिरलेत अशी कुणकुण लागते आणि जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने बघू लागतो. ओळखायचं कसं? स्क्रल मेला की मूळ रूपात येतो, एवढंच खात्रीचं. गार्डियन्समधला ड्रॅक्स यावर विचार करतो आणि उपाय काढतो: सगळ्यांनाच मारायचं. खरोखर मारतो. अख्ख्या तळाला काही क्षणांपुरतं मारून परत जिवंत करतो आणि मधल्या वेळात हिरवे कोण ते बघून घेतो. आठ अंकांत रीडच्या यंत्राने जे केलं तेच हे, पण इथे उपाय करणाऱ्याचाच धसका बसतो.

खरी मेख पुढे आहे. सापडलेले स्क्रल लढाई नको म्हणून पळून आलेले असतात आणि त्यांना लपवलेलं असतं कॉस्मोनेच. आणि या गोंधळात उघडं पडतं ते वेगळंच: टीमचा म्होरक्या स्टार-लॉर्डने मनावर ताबा मिळवू शकणाऱ्या मँटिसला सांगून टीममधल्यांच्या मनावर हलका दाब आणवला होता, म्हणून ते आले होते. टीम फुटते ती यावरून. घुसखोर हिरवाच असतो असं नाही, हे इथे पात्रं एकमेकांच्या तोंडावर बोलतात.

चित्रकथी

+१. हे सांगायचं राहिलंच होतं. तळतळाट एवढाच की मुख्य मालिका वाचून वैतागलेला माणूस इथवर पोचतच नाही.

शेंडेफळ

मधेच घुसतो. या स्क्रलांना इतकं गंभीरपणे घ्यायचं का? पहिल्या गोष्टीत त्यांच्या गाई केल्या होत्या ना?

जुनीजाणती

हो रे बाबा. ‘फँटॅस्टिक फोर’चा दुसरा अंक, १९६२, स्टॅन ली आणि जॅक कर्बी. चार स्क्रल फँटॅस्टिक फोरची रूपं घेऊन त्यांना बदनाम करतात. शेवटी रीड पकडलेल्यांना संमोहित करून गाई बनवतो आणि चरायला सोडून देतो. वाचताना हसू येतं, पण हीच थट्टा पुढे दोनदा उलटली.

एकदा १९७१-७२मध्ये, ‘ॲव्हेंजर्स’च्या ८९ ते ९७ अंकांतलं क्री-स्क्रल युद्ध (क्री म्हणजे स्क्रलांचे वैरी, तेही परग्रहवासी). लेखन रॉय थॉमस, काही अंकांची चित्रं नील ॲडम्सची. त्यात क्रॅडक नावाचा राजकारणी परग्रहवासीयांचा शोध घेणारी समिती काढतो, लोकांना भडकवतो, ॲव्हेंजर्सना चौकशीला उभं करतो. आणि तो स्वतः त्या जुन्या चारांपैकी निसटलेला स्क्रल निघतो! शत्रूला हुडकण्याच्या नावाखाली शत्रूनेच माणसांना आपसात झुंजवणं... २००८च्या इव्हेंटमध्ये हे कुठे दिसलं का? अर्थात भाषा त्या काळची आहे, फुगे शब्दांनी गच्च भरलेले. सवय व्हायला एखादा अंक जाईल.

दुसऱ्यांदा १९९५मध्ये, ‘स्क्रल किल क्रू’. ग्रँट मॉरिसन आणि मार्क मिलर. त्याच गाईंचं मांस खाऊन काही माणसांच्या अंगात स्क्रलांचे गुण शिरतात आणि ती माणसं स्क्रल शोधून मारत सुटतात. विकृत आहे, तुम्हाला हवा तो संशय त्यात नाही, पण शेंडेफळने गाई काढल्या म्हणून सांगितलं.

अर्धेपान

@जाईजुई, वाचनखूण साठवली. @जुनीजाणती, क्रॅडकचं वाचून थक्क झाले, हे नक्की घेणार. एक विचारते: गार्डियन्सचे ४ ते ६ आधीचं काही न वाचता कळतील का?

जाईजुई

१ ते ३ वाचाच. टीम जमते कशी ते माहीत असेल तरच ती फुटल्याचं वाईट वाटेल.

नाममात्र

टाय-इनचाच विषय निघालाय तर आणखी तीन.

‘कॅप्टन ब्रिटन अँड एमआय१३’, अंक १ ते ४, पॉल कॉर्नेल. स्क्रल ब्रिटनवर येतात ते तिथल्या जादूसाठी. फैजा हुसैन नावाची डॉक्टर, साधी सरळ, सुपरहिरोंची चाहती, ती या धुमश्चक्रीत सापडते. पुढे तिच्या हातात काय येतं ते सांगत नाही. संशय कमी, पण माणसं जिवंत आहेत.

‘ब्लॅक पँथर’ ३९ ते ४१, जेसन ॲरन. वकांडावरची स्वारी, तीही स्वारीवर आलेल्या स्क्रल सेनापतीच्या नजरेतून. म्हातारा सैनिक, घरी परतायची आस लागलेला. आपण कुणाची बाजू घेतोय याचा घोटाळा होतो, तीच गंमत.

‘इन्क्रेडिबल हर्क्युलिस’ ११७ ते १२०, ग्रेग पाक आणि फ्रेड व्हॅन लेन्ट. मुख्य मालिकेत स्क्रल ‘तो तुमच्यावर प्रेम करतो’ असं सारखं म्हणतात ना, तो ‘तो’ म्हणजे त्यांचा देव. इथे पृथ्वीवरचे देव जमवून हर्क्युलिस थेट त्यालाच मारायला निघतो. शिवाय टोळीत फितूर आहे. कोण? हर्क्युलिसचा साथीदार ॲमेडियस चो याने पाळलेलं कायोटीचं पिल्लू! एवढुसं, गोड, कुशीत घेऊन फिरायचं. त्याच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं, आणि आठ अंकांच्या मुख्य मालिकेतल्या एकाही रहस्याने मला एवढं गंडवलं नाही.

खविस_नं_१

पिल्लाचं असं उघड करायचं असतं का राव!

नाममात्र

वरती पाटी लावलीय. 😀

पाऊलवाट

मार्व्हलबाहेरचं कुणी बोललं नाही म्हणून. डीसी या दुसऱ्या प्रकाशनाच्या ‘जेएलए’चे (जस्टिस लीग) १९९७मधले पहिले चार अंक, ग्रँट मॉरिसन आणि हॉवर्ड पोर्टर. हायपरक्लॅन म्हणून नवे हिरो आकाशातून येतात, वाळवंट हिरवं करतात, गुन्हेगारांना भर चौकात संपवतात. लोक त्यांच्यावर फिदा, जुन्या जस्टिस लीगला कुणी विचारेना. हे कोण, याचा छडा बॅटमॅन लावतो, आणि तो लावतो कसा हे बघण्यासारखं आहे. इथे तोतये तुमच्या मित्राचं रूप घेत नाहीत, तुम्हाला हव्याशा तारणहाराचं घेतात. मला ते जास्त भयंकर वाटतं. चार अंकांत खेळ खलास, पसारा नाही.

डीसीचंच ‘मिलेनियम’ (१९८८) कुणी सुचवलं तर जपून. प्रत्येक हिरोच्या जवळच्या माणसांत मॅनहंटर नावाच्या यंत्रमानवांचा हस्तक, कल्पना हीच. आणि निराशाही हीच, वीस वर्षं आधीची.

चित्रकथी

आणि एक राहिलं, बहुधा तुमच्यासाठी सगळ्यात नेमकं. ‘मीट द स्क्रल्स’, २०१९, ५ अंक. लेखक रॉबी थॉम्पसन, चित्रं निको हेन्रीशोंची. आई, बाप, मुली, चारचौघांसारखं अमेरिकन कुटुंब. सगळे स्क्रल हेर. कुणीतरी यांच्यासारख्यांना हुडकून संपवतंय, आणि घरातल्या घरात कोण कुणाला काय सांगत नाहीये हे मोठं कोडं. मुली शाळेत जातात, नीट वागायचं नाटक करतात, आणि वाचता वाचता कळतं की त्या वयात नाटक सगळेच करतात. मोठा सुपरहिरो जवळपास नाही. मागचं काही वाचलेलं लागत नाही.

शेंडेफळ

२०२३ची ‘सीक्रेट इन्व्हेजन’ टीव्ही मालिका? सहा भाग आहेत, पटकन होईल.

जुनीजाणती

नाव सोडलं तर कॉमिकशी तिचा संबंध बेताचाच. आधीच हिरमोड झालेल्या माणसाला तिकडे पाठवू नका.

अर्धेपान

मंडळी, आभार! ‘मीट द स्क्रल्स’ आज रात्री सुरू. मग गार्डियन्स १ ते ६, मग जेएलए. क्री-स्क्रल युद्ध सुट्टीत, निवांत. ‘न्यू ॲव्हेंजर्स’ ४४ मात्र मधेच कुठेतरी घुसवणार, ती रीडची प्रत डोक्यातून जात नाहीये. @चित्रकथी, त्यासाठी ४३ वाचावा लागेल का?

चित्रकथी

नाही, ४४ स्वतंत्र आहे. ‘न्यू ॲव्हेंजर्स: इल्युमिनाटी’चा २००७चा पहिला अंक मात्र त्याआधी वाचा. रीड, टोनी वगैरे मंडळी स्क्रलांना दम भरायला त्यांच्या घरात जातात आणि पकडली जातात. स्क्रलांना त्यांच्या शरीरांचा अभ्यास करायला मिळतो तो तेव्हा. म्हणजे अख्खी घुसखोरी कुणाच्या आगाऊपणातून सुरू झाली ते कळेल, आणि ४४ दुप्पट बोचेल.