मदत हवी आहे : सेमिनारच्या चर्चेत शिरायचं कसं?

पेनसिल्व्हेनियातल्या ब्रिन मॉर कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. इथे एमिली बाल्च सेमिनार सगळ्यांना सक्तीचा. बाल्च इथल्याच, १८८९ च्या पदवीधर. १९४६ चं शांततेचं नोबेल मिळालेल्या. तासाला लेक्चर नाही, टेबलाभोवती बसून वाचलेल्यावर चर्चा.

वाचन पूर्ण असतं, इंग्रजीची अडचण नाही, निबंधही बरे जातात. पण मी वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे सरकलेला असतो. समासात पान नंबर टाकून मुद्दे लिहून पाहिले. मॅडमना भेटले, त्या म्हणाल्या, अर्धवट विचारही चालेल. नेमकं तेच जमत नाही, बारावीपर्यंत पूर्ण उत्तर द्यायचीच सवय. सेक्शन बदलायचा नाहीये.

अशा सेमिनारमधून गेलेल्या ताईंनो, दुसरीचं बोलणं न तोडता तुम्ही कोणत्या वाक्याने मधे शिरायचात?