जुन्या गॅसच्या टाकीची पाणबुडी होईल का?

कडक_भाकरी:
नमस्कार मंडळी. सोलापूरचा आहे मी, एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं शॉप हाय. हसू नका पण एका माणसाची पाणबुडी करायचं डोक्यात बसलंय, विशाखापट्टणमला बीचवर ती आयएनएस कुरसुरा आतून बघून आलो तेव्हापासून झोप नाही. भंगारात एक जुनी गॅसची टाकी मिळायलीय, तीन फूट व्यास, आठ फूट लांब, सहा एमएम प्लेट, 15 किलोला (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 15 किलो प्रेशरला) टेस्ट केलेली. मला उजनीत पंधरा-सोळा फूटच जायचंय म्हणजे अर्धा किलो प्रेशर, मग 15 किलोच्या टाकीला काय होणार? मोटर-बॅटऱ्या ई-रिक्षाच्या, काच म्हणून ॲक्रेलिक, श्वासाला एक ऑक्सिजनचा सिलिंडर. घरचे म्हणायलेत खुळा झालाय. काय चुकतंय सांगा.

डिशएंड:
मालक, 15 किलो हा आकडा आधी पुसून टाका. ती टेस्ट आतल्या प्रेशरची आहे. आतून फुगवलं की टाकी आपोआप गोल होते, बाहेरून दाबलं की जिथं जरा पोचा असेल तिथनं आत बसते आणि बसली की एका दमात बसते. मी डेअरीच्या कामावर होतो तेव्हा दुधाचा टँकर डोळ्यादेखत चपटा झालेला बघितलाय, वरचा व्हेंट, म्हणजे हवा आत यायचं तोंड, उघडायचा राहिला आणि पंपानं दूध ओढलं, बस. तिथं तर एक किलोचाही फरक पडत नाही, म्हणजे दहा मीटर पाण्यापेक्षा कमीच. टँकरचा पत्रा पातळ असतो, तुमची सहा एमएम गोल असेल, गंज नसेल तर पंधरा फुटाला टिकेलही. पण तुम्ही तिला हॅचसाठी, काचेसाठी भोकं पाडणार ना? तिथं जाड कॉलर पाहिजे, आणि आतून दीड-दोन फुटावर रिंगा. आणि भंगारातल्या गॅसच्या टाकीला पाणी भरून धुतल्याशिवाय कटर लावू नका, हे तुम्हाला सांगायची गरज नाही पण सांगतो.

आता गंमत ऐका, तुमची खरी अडचण बुडायची आहे. तीन बाय आठची टाकी म्हणजे साधारण 1500 लिटर, म्हणजे पाण्याखाली जायला सगळं मिळून 1500 किलो वजन पाहिजे. टाकी भरंल 400 किलो. तुम्ही, बॅटऱ्या, मोटर धरून अजून 300-400. उरलेलं शिसं नाहीतर लोखंड तळाला, त्यातलं निदान 60-70 किलो असं लावा की आतून एक बोल्ट फिरवला की खाली पडलं पाहिजे. बॅलास्ट टाकीत (पाणी भरून बुडायची आणि हवा भरून वर यायची टाकी) हवा सोडून वर येऊ म्हणाल, पण व्हॉल्व्ह जाम झाला तर? आणि पंधरा फुटाला थांबायचं हे तुम्ही ठरवलंय, पाणबुडीनं नाही. दहा किलो जड झाली की ती थेट तळाला जाते, आणि धरणाच्या भिंतीकडं उजनी शंभर फुटाच्या वर खोल आहे.

भीमाकाठ:
उजनीत कशाला ओ अण्णा. आमचं गाव बॅकवॉटरला आहे. पाणी हिरवंगार, हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत, तुमच्या ॲक्रेलिकमधनं फक्त मटकीचा रस्सा दिसंल. वर मासेमारांची जाळी, कोण कुठं टाकतो त्यालाच माहीत. खाली जुनी घरं, झाडांची खोडं, पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात वर येतंय ते बघितलं असंल. प्रॉपेलरमध्ये जाळं गेलं की संपलं. परवानगीचं तर बोलूच नका.

भूलवाला:
मी हॉस्पिटलमध्ये भुलीच्या मशीनवर असतो म्हणून श्वासाचं बोलतो. ऑक्सिजनचा सिलिंडर नेलात तरी माणूस ऑक्सिजन संपायच्या आधी कार्बन डायऑक्साइडनं आडवा होतो. तुमच्या टाकीत सामान जाऊन 1200-1300 लिटर हवा राहील, एक माणूस तासाला वीसेक लिटर सोडतो, म्हणजे पाऊण तासात एक टक्का, दोन तासांत तीन टक्के, तिथं डोकं ठणकायला लागतं, धाप लागते आणि मुख्य म्हणजे अक्कल चालत नाही. आम्ही मशीनला सोडा लाइम वापरतो, पांढरे दाणे, वापरून संपले की जांभळे होतात. डबा भरायचा आणि छोट्या फॅननं आतली हवा त्यातनं फिरवायची. आणि ई-रिक्षाच्या ॲसिडवाल्या बॅटऱ्या माणसाच्या डब्यात नको, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत चार टक्के झाला की एका ठिणगीचं काम. बाहेर वेगळ्या बंद पॉडमध्ये, म्हणजे डब्यात, ठेवा.

कडक_भाकरी:
जाळ्याचं खरंच डोक्यात नव्हतं. एक विचारतो, अडकलोच तर हॅच उघडून पोहत वर नाही येता येणार का? पोहायला मी सोलापूरच्या कंबर तलावात शिकलोय.

डिशएंड:
दीड फुटाचं गोल हॅच धरलं तरी पंधरा फुटाला त्यावर साधारण 750 किलो पाणी बसलेलं असतं. उघडा बघू. आत पाणी घेऊन दोन्हीकडचं प्रेशर सारखं होईपर्यंत ते हलत नाही, म्हणजे गळ्यापर्यंत पाण्यात डोकं शांत ठेवून बसायचं. आधी रिकामी टेस्ट करा. आपल्याकडं साठ फूट विहिरी काय कमी आहेत? आत कोणी बसायचं नाही, वजन भरा, चेन ब्लॉकनं (साखळीच्या कप्पीनं) सोडा, रात्रभर तशीच ठेवा, सकाळी काढून आत किती पाणी आलं ते मोजा आणि गोलाई सूत लावून बघा.

कडक_भाकरी:
मामाची विहीर आहे बार्शी रोडला, पंचावन्न फूट. विचारलं त्यांना आत्ताच. म्हणले सोड, पण मोटरीचा पाइप तुटला तर नवा तू आणायचा, आणि ऊस भिजवायच्या पाळीत यायचं नाही. टाकी शनिवारी उचलतोय.